ऐकून सांग

माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर मित्रांनी पाठवलेली कितीतरी गाणी पडून आहेत. बहुतेकांना मी 'भारी!' असं उत्तर दिलंय आणि वीस सेकंदांच्या पुढे ती ऐकलेली नाहीत.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला माझा रूममेट परभणीकडचा होता. मी त्याला पिंक फ्लॉइड ऐकवायचो, म्हणजे अक्षरशः बसवून ऐकवायचो. तो शेवटपर्यंत ऐकायचा, वर प्रश्नही विचारायचा. एका एप्रिलमध्ये त्यानं मला प्रल्हाद शिंदेंचं एक भीमगीत पाठवलं. मी सवयीनं 'भारी!' टाकलं. रात्री त्यानं विचारलं, "शेवटच्या कडव्यात काय केलंय त्यांनी?" मला सांगता येईना. तो काही बोलला नाही. इयरफोनचं एक टोक त्यानं माझ्याकडे सरकवलं.

आवाज लगेच ओळखला. हा तर आमच्या आषाढीचा आवाज! सोलापूरला आजोबा पहाटे विठ्ठलाची गाणी लावायचे, त्यातला.

"हे भीमगीतंपण गायचे?"

"हे विठ्ठलाचीपण गातात, हे मला आठवीत कळलं," तो म्हणाला.

त्यानंतर मी दोन्हीकडची गाणी शेजारी ठेवून ऐकली. गळा तोच: खुला, वरच्या पट्टीतला, शब्द पार मागच्या रांगेपर्यंत फेकणारा. पण विठ्ठलापुढे जो ताण विनवणीचा वाटतो, तोच भीमगीतात ताठ मानेनं उभा राहतो. त्यांनी कव्वालीही गायली. एक ओळ फिरवून फिरवून तापवायची आणि मग कोरसच्या हाती द्यायची, ही रीत कळली की त्यांच्या विठ्ठलाच्या गाण्यांतला जोरही वेगळा ऐकू येतो. आमच्या घरी वर्षानुवर्षं अर्धाच गायक वाजत होता. आणि आम्ही स्वतःला त्यांचे चाहते म्हणवत होतो!

पुढे नोकरीत काही महिने मी रेकमेंडेशनच्या कोडवर होतो. त्यातली सगळ्यात जुनी युक्ती साधी आहे. तुमच्यासारखं ऐकणारे लोक शोधायचे आणि ते ऐकतात पण तुम्ही ऐकत नाही, असं काहीतरी तुमच्यापुढे ठेवायचं. स्पॉटिफायची 'डिस्कव्हर वीकली' 2015 पासून दर सोमवारी 30 गाणी देते, तिच्यातही ही युक्ती आहे. मला ती आवडते, खोटं कशाला बोलू. मालीच्या वाळवंटातला तिनारिवेन हा बँड मला असल्याच यादीतून सापडला.

माली सापडलं, परभणी नाही.

यंत्राला जात कळत नाही. पण कोण कोणाच्या घरी बसून काय ऐकतं, हे आपण कधीच ठरवून टाकलंय, आणि यंत्राला तेच आयतं मिळतं. ऐकणारेच एकमेकांत मिसळत नसतील तर जुळवणार काय? आवाजाच्या पोतावरून गाणी जुळवायच्याही पद्धती आहेत म्हणा. पण इथं तर आवाज एकच होता, तरी मला पत्ता नव्हता.

रूममेटनं नंतर वामनदादा कर्डक दिले, विठ्ठल उमप दिले. यादी म्हणून नाही, एकेक करून, आधीचं ऐकलंय याची खात्री झाल्यावरच. आता तो नागपूरला असतो. गेल्या रविवारी त्यानं एक गाणं पाठवलं, खाली फक्त 'ऐकून सांग'. तीनदा ऐकलंय. दुसऱ्या कडव्यातला एक शब्द अजून लागत नाहीये, म्हणून उत्तर दिलेलं नाही.