रंजकतेचा ठपका

मराठी समीक्षेने ‘रंजक’ आणि ‘गंभीर’ अशी जी विभागणी केली आहे, ती मला निव्वळ वाङ्मयीन वाटत नाही. पुस्तक कोण वाचतो, यावरून पुष्कळदा त्याची पंगत ठरली आहे.

अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ घ्या. कादंबरी १९५९ची, १९६१मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, १९६३मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. तरीही भव्य नायक, अतिरंजित प्रसंग आणि धावते कथानक ही तिची वैगुण्ये म्हणून मोजली जातात. ज्याची लेखणी पोवाड्यात आणि लोकनाट्यात घडली, त्याने पांढरपेशा मनोविश्लेषणाचा घाट का पत्करावा? दुष्काळात धान्य लुटून भुकेल्यांना जगवणारा हा मांग नायक इंग्रज सरकारच्या दप्तरी गुन्हेगार आहे. त्याचे शौर्य भव्य करणे म्हणजे त्या दप्तराला दिलेला नकार होय. तेथे अतिशयोक्ती हाच आशय आहे.

अर्थात खप म्हणजे श्रेष्ठत्व नव्हे. अण्णा भाऊंच्या काही कादंबऱ्यांत योगायोग माणसांवर मात करतात. हे आपणच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. परंतु आपल्यातलेच काही अभ्यासक जेव्हा आत्मकथनाला ‘अस्सल’ आणि कादंबरीला ‘करमणूक’ ठरवतात, तेव्हा तोच जुना सोवळा मानदंड आपण उचललेला असतो. कथेची कसोटी तिच्या खपावर नको, वाचकाच्या जातीवर तर नकोच. ती वाचकाला त्याच्या स्थितीचा विसर पाडते की त्या स्थितीची जाण देते, यावर ती पारखली जावी.