हाताने केलं, पण कोणासाठी?



बिरवाडीकरांनी मला दिलेला विषय आहे 'उद्याच्या करिअरसाठी स्टेम आणि नेतृत्व'. स्टेम म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित, या चौघांची इंग्रजी आद्याक्षरं. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तत्त्वज्ञानवाल्याच्या हातात असा विषय दिला की तो आधी शब्दच सोलायला बसतो, तेवढी मुभा मला द्या. आणि मी टीका करणार आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण टीका म्हणजे नाकं मुरडणं नाही. सुपात धान्य घोळवून खडे बाजूला काढतात, तसं ते काम आहे. धान्य टाकून द्यायचं नसतं.

तेव्हा आधी धान्य. २०१६ मध्ये नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने शाळांमध्ये टिंकरिंग लॅब द्यायला सुरुवात केली. सहावी ते बारावीची मुलं, आणि शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान. सेन्सर, छोट्या मोटारी, सर्किट बोर्ड, थ्रीडी प्रिंटर. आजवर दहा हजारांच्या आसपास शाळांत ही लॅब पोचली, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांसाठी आणखी पन्नास हजारांची घोषणा झाली. हे चांगलंच आहे. आमच्या पिढीने ओहमचा नियम पाठ केला, पण तारेचं टोक सोलून कधी पाहिलं नाही. आठवीतल्या मुलीच्या हातात स्क्रू ड्रायव्हर येतो, ही गोष्ट मी छोटी मानत नाही.

आता खडे. सरकारी लॅबच्या जोडीला खासगी शिबिरं आली. दोन दिवसांत रोबोटिक्स, तीन दिवसांत नेतृत्व, शेवटी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. तिथे बहुतेक वेळा काय होतं? मुलासमोर एक पेटी येते. सुटे भाग मोजून दिलेले, पायऱ्या छापलेल्या. मुलगा गाडी जोडतो. समोर भिंत आली की गाडी वळते. टाळ्या. नाही वळली, तर सर येऊन तार बदलतात. परत टाळ्या. (हशा)

माझा प्रश्न एवढाच, की ती गाडी वळली नसती तर कोणाचं काय बिघडलं असतं? कोणाचंच नाही. प्रश्न पेटीतला, उत्तरही पेटीतलं. मुलाचे हात चालले, पण त्या हातांवर कोणी अवलंबून नव्हतं. याला 'हँड्स-ऑन' म्हणतात. मी म्हणेन, हे अर्धंच झालं.

अर्धं का, ते सांगतो. जॉन ड्यूई नावाचा अमेरिकन तत्त्वज्ञ होता. १८९६ मध्ये त्याने शिकागोला एक प्रयोगशाळा-शाळा काढली. तिथली मुलं स्वयंपाक करत, विणत, सुतारकाम करत आणि त्यातूनच गणित-विज्ञानाकडे जात. त्याच्या शिक्षणविचाराचा गाभा असा, की अनुभवाला दोन बाजू असतात. एक, आपण काहीतरी करतो. दुसरी, त्या करण्याचं फळ आपल्याला सोसावं लागतं. मूल ज्योतीत बोट घालतं, एवढ्याने अनुभव होत नाही. ते भाजणं आणि ते बोट घालणं यांची सांगड त्याच्या मनात बसते, तेव्हा अनुभव होतो. आपल्या शिबिरांनी करणं ठेवलं आणि सोसणं काढून टाकलं.

ड्यूईचं नाव मी मुद्दाम महाड तालुक्यात घेतोय. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकत होते आणि ड्यूई तिथे त्यांचे प्राध्यापक होते. पुढे लाहोरला न होऊ शकलेलं आणि १९३६ मध्ये छापलेलं बाबासाहेबांचं भाषण वाचा. त्यात ते सांगतात, की जात ही नुसती श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे. शिक्षणाच्या बाबतीत याचा अर्थ काय? आपल्या समाजात पोथी एकाच्या हातात राहिली आणि हातोडा दुसऱ्याच्या. पोथीवाल्याने हातोड्याला शिवायचं नाही, हातोडेवाल्याने पोथीला. हाताने शिकण्याचा प्रश्न अमेरिकेत अध्यापनपद्धतीचा असेल, आपल्याकडे तो न्यायाचाही आहे.

आणि ही फाळणी आज गेली का? नीट बघा. शहरातल्या महागड्या शाळेत मुलगा सोल्डरिंग करतो, त्याला 'इनोव्हेशन' म्हणतात. आयटीआयमधला मुलगा तेच सोल्डरिंग करतो, त्याला 'कौशल्य' म्हणतात. पहिल्याला सोबत नेतृत्वाचा तास असतो, दुसऱ्याला शिस्तीचा. हाताचं काम एकच, पण एकाला सांगितलं जातं, तू उद्या माणसं चालवणार. दुसऱ्याला सांगितलं जातं, तू उद्या यंत्र चालवणार. इथून जवळच महाडची एमआयडीसी आहे. तिथल्या कारखान्यांत दोन्ही प्रकारची माणसं लागतात. पण कोणी कोणत्या दाराने आत जायचं, हे चौदाव्या वर्षी शिबिराच्या फीवरून ठरू लागलं, तर जुनीच विभागणी नव्या रंगात आली असं म्हणावं लागेल.

यावर कोणी म्हणेल, प्रोफेसर, टीका सोपी असते, करून दाखवलंय कोणी? दाखवलंय, आणि तेही महाराष्ट्रातच. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधन सोडून १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले. दुष्काळी गाव. तिथे त्यांनी विज्ञान आश्रम काढला. आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस हाताचं काम : वेल्डिंग-बांधकाम, वीज-ऊर्जा, शेती-पशुपालन, घर आणि आरोग्य. यातली खुबी अशी की काम गावाच्या गरजेचं असे. जमिनीत पाणी कुठे लागेल याचा अंदाज घेणारं विद्युतरोध मोजण्याचं यंत्र आश्रमाने बनवलं. आता विचार करा, मोजणारा मुलगा चुकला तर शेतकऱ्याचे विहिरीचे पैसे मातीत जातात. तिथे सर येऊन तार बदलतील आणि टाळ्या होतील, असं नाही. ओहमचा नियम तिथे मुलाच्या अंगात जातो, कारण समोर शेतकरी उभा आहे. याच पाबळला २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने फॅब लॅब आली, जगातल्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक. म्हणजे माझं भांडण नव्या यंत्रांशी नाही. आधी गरज असावी, मग यंत्र यावं, एवढा क्रम मी मागतोय.

आता नेतृत्व. हा शब्द तर फारच गुळगुळीत झालाय. शिबिरात शिकवतात, ताठ उभे राहा, डोळ्यांत बघा, 'मी करू शकतो' म्हणा. हे सगळं आरशासमोरही करता येतं. नेतृत्व आरशासमोर करता येत नाही, त्याला माणसं लागतात आणि त्यांचं काम लागतं.

महाडला हे मी काय सांगावं! १९ आणि २० मार्च १९२७ ची परिषद. लोकांना आठवतो तो चवदार तळ्याकडे गेलेला मोर्चा. पण त्याआधीचं बघा. धनंजय कीरांनी लिहिलंय, की पंधरा वर्षांच्या मुलांपासून सत्तरीच्या म्हाताऱ्यांपर्यंत माणसं लांबून भाकरतुकडा बांधून आली होती. पंधरा वर्षांची मुलं! आणि परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं, कारण पाणवठे त्यांना बंद होते. रामचंद्र बाबाजी मोऱ्यांसारख्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून ती परिषद उभी केली होती. जागा, जेवण, पाणी, निरोप, या सगळ्याची व्यवस्था. त्या पंधरा वर्षांच्या पोरांना नेतृत्वाचं प्रमाणपत्र कोणी दिलं नाही. पण ज्या प्रश्नासाठी ती चालत आली, तो त्यांचा स्वतःचा होता.

मग बिरवाडीच्या मुलांचा स्वतःचा प्रश्न कोणता? मी बाहेरचा माणूस, मी ठरवू नये. एक उदाहरण मात्र देतो. २२ जुलै २०२१ हा दिवस या तालुक्यात कोणाला सांगावा लागत नाही. महाड पाण्यात, आणि तळियेला दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. तर शाळेने पाऊस मोजावा. एक बाटली, एक नरसाळं. नरसाळ्याचा व्यास बाटलीच्या दुप्पट असेल, तर बाटलीतलं पाणी पावसाच्या किती पट उंच चढेल? बहुतेक मुलं म्हणतील दुप्पट. उत्तर चौपट आहे, कारण पाऊस क्षेत्रफळावर पडतो. हे गणित पेटीत मिळत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. मग वरच्या डोंगरउतारावर किती पाणी पडलं, किती काळ नदीत आलं असेल, हिशेब मांडा.

आणि नेतृत्व? हवामान खातं सकाळी साडेआठला पाऊस मोजतं. तुम्हीही मोजा. रविवारीही. गणपतीच्या सुट्टीतही. धो-धो कोसळत असतानाही. पाळी कोण लावणार? आजारी पडलेल्याच्या जागी कोण जाणार? आकडा चुकवून लिहिणाऱ्या मित्राला तोंडावर कोण सांगणार? पोलादपूरकडच्या शाळेला आकडा कळवायचा, त्यांचा घ्यायचा, ते कोण करणार? हे ज्या मुलीने एक पावसाळा निभावलं, तिला नेतृत्वाच्या व्याख्यानाची गरज नाही. मग लॅबमधला सेन्सर आणा आणि तुमच्या बाटलीशी ताडून बघा. तेव्हा त्या वीस लाखांना काम मिळेल. धोक्याचा इशारा देणं हे प्रशासनाचं काम आहे, ते मुलांवर ढकलू नका. पण स्वतःच्या आकाशाची नोंद ठेवणं मुलांचं असू शकतं.

पालक विचारतील, याने नोकरी लागेल का? रास्त प्रश्न आहे. पोटाचा प्रश्न हलका मानणारं तत्त्वज्ञान माझ्या कामाचं नाही. पण वीस वर्षांनी कोणत्या नोकऱ्या असतील, हे शिबिरवाल्यांना तरी कुठे माहीत आहे? ते भविष्य विकतायत. यंत्रं बदलतील, सॉफ्टवेअर बदलेल. आपल्या मोजमापावर दुसरं कोणी विसंबून आहे याची जाण मात्र कारखान्यात लागते, दवाखान्यात लागते, पूल बांधताना लागते. सावित्रीचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्यांसकट. पुलाची तपासणी हेही स्टेमच आहे, मंडळी.

तेव्हा उद्या कोणी तुमच्या शाळेत पेटी घेऊन आलं, तर जरूर या म्हणा. खुर्ची द्या, चहा द्या. आणि दोनच प्रश्न विचारा. यातलं उत्तर चुकलं तर कोणाचं नुकसान होईल? आणि हे शिकून आमची मुलं कोणाच्या उपयोगी पडतील? पाहुण्यांकडे उत्तर असेल तर दार उघडं ठेवा. नसेल, तर पेटी ठेवून घ्या आणि प्रश्न तुमचा तुम्ही घाला.

आता मागच्या सतरंजीवरून सुरुवात करू. कोणाला काही विचारायचंय?