रासायनिक सूत्रलेखन : ‘तिरकस गुणाकार’ पद्धतीची चिकित्सा

प्रास्ताविक

रासायनिक सूत्रे ही रसायनशास्त्राची लिपी आहे, असे आपण वर्गात नेहमी सांगतो. परंतु ही लिपी गिरविणाऱ्या विद्यार्थ्याला तिचा अर्थ लागतो काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. शालेय स्तरावर ‘तिरकस गुणाकार’ या नावाने परिचित असलेल्या सूत्रलेखन पद्धतीची या दृष्टीने चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पद्धतीचे स्वरूप

या पद्धतीत दोन घटकांच्या संज्ञा शेजारी लिहून एकाची संयुजा दुसऱ्याच्या पायाशी मांडतात आणि शक्य असल्यास दोन्ही अंकांना समान संख्येने भाग देतात. नावात गुणाकार असला तरी प्रत्यक्षात अंकांची केवळ अदलाबदल होते. ॲल्युमिनिअमची संयुजा ३ व ऑक्सिजनची २, म्हणून ‘एएल२ओ३’. येथे दोन्ही बाजूंचा प्रभार सहा-सहा होऊन समतोल साधतो, हे खरे कारण होय. ते ठाऊक नसतानाही उत्तर बरोबर येते व पूर्ण गुण मिळतात.

मर्यादा

कळीच्या चुन्याचे सूत्र या रीतीने ‘सीए२ओ२’ येते व भाग दिल्यावर ‘सीएओ’ होते. ते योग्यच आहे. कारण त्याच्या स्फटिकात सुटे रेणू नसतात, सूत्र आयनांचे गुणोत्तर तेवढे सांगते. याच कारणाने मिठाच्या बाबतीत ‘रेणुसूत्र’ हा शब्दही सदोष ठरतो. परंतु हीच सवय हायड्रोजन पेरॉक्साईडला लावली, तर ‘एच२ओ२’चे ‘एचओ’ होते आणि पदार्थच बदलतो. तेथील अंक रेणूतील अणूंची प्रत्यक्ष संख्या दर्शवितात. भाग कोठे द्यावा, हे पद्धतीवरून कळत नाही. ते पदार्थाच्या रचनेवरून ठरते.

इतिहासही हेच सांगतो. जॉन डाल्टनने १८०८ मध्ये पाण्यात एक अणू हायड्रोजनचा व एक ऑक्सिजनचा मानला. वजनांची प्रमाणे त्याच्यापुढे होती; अणूंची संख्या मात्र त्याने साधेपणाच्या नियमाने ठरविली. वायूंच्या आकारमानांवरील गे-ल्युसॅकचे कार्य, ॲव्होगाड्रोचे १८११ चे गृहीतक आणि १८६० च्या कार्ल्सरूह परिषदेत कॅनिझारोने केलेली मांडणी, इतका प्रवास झाल्यावर ‘एच२ओ’ सर्वमान्य होऊ लागले. जे ठरण्यास अर्धशतक लागले, ते आपण दोन तिरप्या बाणांनी उरकतो.

याची किंमत महाविद्यालयीन प्रयोगशाळेत मोजावी लागते. तिरकस गुणाकाराने कॉपर सल्फेटचे ‘सीयूएसओ४’ हे सूत्र मिळते. परंतु बाटलीतील निळ्या मोरचुदात त्यासोबत पाण्याचे पाच रेणू असतात. एक लिटर ०.१ मोलर द्रावणासाठी २४.९७ ग्रॅम मोरचूद लागतो. पाठ केलेल्या सूत्रावर विसंबणारा विद्यार्थी १५.९६ ग्रॅमच घेतो आणि द्रावण सुमारे ०.०६४ मोलर होते.

समारोप

ही पद्धत टाकून द्यावी, असे येथे सुचवावयाचे नाही. स्मरणाचे साधन म्हणून तिची उपयुक्तता निर्विवाद आहे. मात्र साधनालाच ज्ञान समजणारे मूल्यमापन बदलले पाहिजे. सूत्र लिहून घेतल्यावर ‘हे अंक गुणोत्तर सांगतात की संख्या?’ आणि ‘हे सूत्र बाटलीतल्या पदार्थाचेच आहे काय?’ असे दोन प्रश्न विचारून त्यांनाही गुण द्यावेत. तेव्हाच सूत्रलेखनाला सूत्रवाचनाची जोड मिळेल.