खोबण आणि डोळा

तान्ह्या पोळ्याला नागपुरात मिरविले जाणारे लाकडी बैल पाहता एक गोष्ट ध्यानात येते: शिंगे व वशिंड साधले, की बैल ओळखू येतो. मानवी चेहऱ्यास असे एखादे निर्णायक चिन्ह नाही. त्याची ओळख उंचवटे व खळगे यांच्या परस्परसंबंधावर अवलंबून असते. नवशिक्यास काष्ठशिल्प शिकविताना मात्र नाक, डोळा, ओठ असे सुटे अवयव पुढे ठेवले जातात. ही पद्धती सदोष होय.

दोषाचे मूळ भाषेत आहे. अखंड ध्वनिप्रवाहाचे आपण सुटे वर्ण कल्पितो, तशीच नामे चेहऱ्याचे तुकडे पाडतात. ‘डोळा’ म्हणताच विद्यार्थी सपाट लाकडावर बदामी आकृती रेखाटतो. ‘खोबण’ हा मराठी शब्द मात्र डोळ्याच्या व सुताराच्या, अशा दोन्ही खाचांना लागू पडतो. आरंभ तेथूनच व्हावा.

चौकोनी ठोकळ्याची कड समोर घ्यावी, म्हणजे नाक पुढे राहते व गाल मागे वळतात. केसांच्या कडेपासून हनुवटीपर्यंत ३ समान भाग पाडावेत. पहिली सीमा भुवयांची, दुसरी नाकाच्या तळाची. भुवयांखाली खोबणी खोदून त्यांत नेत्रगोल राखावेत. पापण्या अखेरीस कोराव्यात. पटाशी उंचाकडून खोलाकडे, तंतूंच्या कलाने चालवावी. विरुद्ध चालविल्यास लाकूड उचकटते.

पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांना हा निकष लावणे अन्यायाचे ठरेल. दुरून ओळखावयाच्या पात्रांची गरज निराळी असते. जेथे वास्तव चेहरा अभिप्रेत आहे, तेथे मात्र खोबण चुकल्यास सुबक पापणीही व्यर्थ जाते.