बुक ऑफ केल्स

लॅटिन भाषेतील चार शुभवर्तमानांची चर्मपत्रावर लिहिलेली सुशोभित हस्तलिखित प्रत. निर्मितिकाळ इ. स. सु. ८००. मध्ययुगीन आयरिश ग्रंथालंकरणाचा हा सर्वोच्च आविष्कार मानतात. सेंट कोलंबाने ५६३ मध्ये आयोना बेटावर (स्कॉटलंड) स्थापिलेल्या मठाच्या परंपरेत तो निर्माण झाला. ८०६ मधील व्हायकिंगांच्या हल्ल्यात तेथील ६८ जण मारले गेले व मठवासीयांनी आयर्लंडमधील केल्स येथे आश्रय घेतला. त्यामुळे ग्रंथाचे काम आयोना येथे, केल्स येथे की दोन्ही ठिकाणी झाले, याविषयी मतभेद आहेत. सतराव्या शतकात तो डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजकडे आला. त्याची ३४० पत्रे उपलब्ध असून १९५३ मध्ये ती चार खंडांत बांधण्यात आली.

ग्रंथाची पत्रे वासरांच्या कातड्यापासून तयार केलेली आहेत. लेखनासाठी पिसाची लेखणी व मुख्यतः मायफळ आणि लोहक्षार यांची शाई वापरली आहे. त्याचे वैभव पाहून मौल्यवान द्रव्यांची कल्पना येते. प्रत्यक्षात त्यात सोन्याचा वर्ख नाही. निळ्या रंगासाठी अफगाणिस्तानातून आणलेला लाजवर्द वापरला असावा, असे पूर्वी समजत. परंतु एकविसाव्या शतकातील रासायनिक परीक्षणात तो वनस्पतिजन्य नीळ असल्याचे आढळले. शेंदूर, हरताळ, तांब्यापासूनचा हिरवा रंग व दगडफुलाचा जांभळा रंग अशा मोजक्या रंगांचे पातळ थर एकमेकांवर देऊन ही समृद्धी साधली आहे. तिचे श्रेय द्रव्यापेक्षा हाताला आहे.

सु. शंभर वर्षे आधीच्या ‘बुक ऑफ डरो’मध्ये अलंकरणाभोवती मोकळी जागा राखलेली दिसते. केल्सच्या कलावंतांनी ती जवळजवळ नाहीशी केली. मॅथ्यूच्या शुभवर्तमानातील ख्रिस्तजन्माच्या प्रारंभी असलेल्या पृष्ठावर ख्रिस्तनामाची ग्रीक आद्याक्षरे चक्राकृती, गुंफण व सर्पिले यांत विरघळून गेली आहेत. त्यांतच मासा धरलेले पाणमांजर आणि मांजरे व उंदीर आढळतात. मानवी आकृती मात्र ताठर व सपाट आहेत. देहाचा आकार व भार यांपेक्षा रेषेच्या गतीवरच या कलावंतांची श्रद्धा होती.

संहितेच्या बाबतीत अशी दक्षता दिसत नाही. एका पृष्ठावरील मजकूर पुढील पृष्ठावर पुन्हा लिहिला गेला आहे. मॅथ्यूच्या एका वचनात ‘ग्लाडियुम’ (तलवार) ऐवजी ‘गाउडियुम’ (आनंद) असे पडल्याने अर्थच उलटला आहे. आरंभीच्या सुशोभित कोष्टकांचा हेतू चारही शुभवर्तमानांतील समांतर उतारे दाखविणे हा होता. परंतु समासात परिच्छेदांक न घातल्याने ती निरुपयोगी ठरली. काही अलंकरणही अपुरे राहिले आहे.

या दोषांमुळे ग्रंथाची थोरवी कमी होत नाही. तिचे स्वरूप मात्र स्पष्ट होते. हा ग्रंथ अभ्यासासाठी नव्हे, तर वेदीवर ठेवून दर्शन घेण्यासाठी सिद्ध झाला असावा. त्याला देवदूतांची कृती म्हणून गौरविताना प्रमाद करणारे, काम अर्धवट सोडावे लागलेले मानवी हात दृष्टीआड होतात. संकटकाळातही अंगुळभर जागेत असंख्य वळणे अचूक रेखणारे हात तेच होते.