बऱ्हाणपूरचा संस्कृत लेख आणि माझं चुकलेलं 'बरोबर'चं चिन्ह

पेटची तयारी करणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या आराखड्यात 'तुलनात्मक अभ्यास' हे शब्द असतात. आज तुलनेचंच एक उदाहरण घेऊ, तेही आपल्या दारातलं.

रावेरहून गाडीत बसलात की तासाभराच्या आत बऱ्हाणपूर. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण फारुकी सुलतानांच्या काळात ती खानदेशची राजधानी होती. तिथल्या जामा मशिदीत अरबी लेखाच्या जोडीला चक्क संस्कृत लेख आहे. संवत १६४६, शके १५११, म्हणजे इ.स. १५९० चा सुमार. मशीद बांधणारा आदिलशाह फारुकी ऊर्फ राजा अलीखान. लेखात तो 'एदलशाह' होतो. सुरुवातीलाच सृष्टिकर्त्याला नमन आहे. मग पहिल्या श्लोकात ईश्वराचं वर्णन येतं: अव्यक्त, सर्वव्यापी, गुणातीत वगैरे.

यावर हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे "इथे तौहीद आणि वेदान्त एक झाले." मीसुद्धा एका सादरीकरणात 'तौहीद = अद्वैत' अशी स्लाइड केली होती. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, समीकरण लिहिताना दहादा तपासणारी; इथे मात्र बिनधास्त चिन्ह टाकून मोकळी. एका सीनियरनं एवढंच विचारलं, "दोन्ही बाजूंची एककं जुळतात का गं?"

नाही जुळत. तौहीद म्हणजे देवांची मोजणी करून 'एक' हे उत्तर काढणं नव्हे. कलमा सुरू होतो तोच नकारानं: दुसरा कोणी उपास्य नाही. कुराणातली ११२वी सूरह, अल-इख्लास, फक्त चार आयतींची. ती अल्लाहचं एकत्व सांगते आणि त्याला अपत्य असणं, त्याचा जन्म होणं, त्याच्या तोडीचा कोणी असणं हे सगळं नाकारते. आता बऱ्हाणपूरचा पहिला श्लोक बघा. त्यात असा नकार नाही. 'एक' हा शब्दसुद्धा नाही!

'गुणातीत'चं तर आणखी अवघड. संस्कृत वाचणाऱ्याला त्यात सत्त्व-रज-तम ऐकू येतात. इस्लामी परंपरेत वाद होता तो अल्लाहच्या सिफातचा, म्हणजे ज्ञान, सामर्थ्य अशा गुणांचा. हे गुण त्याच्याहून वेगळे मानले तर एकत्वाला धक्का बसतो, असं मुअतझिला म्हणत. अशअरींनी ते अनादि म्हणून मान्य केले. शब्द दोन्हीकडे 'गुण', प्रश्न वेगळेच. पुढे ईश्वराला व्यक्त आणि अव्यक्त दोन्ही म्हटलंय. निर्माता आणि निर्मिती काटेकोर वेगळी ठेवणारा आलिम तिथे नक्की थबकेल. वहदत-उल-वजूद मानणारा सूफी कदाचित थबकणार नाही.

अशी खटपट आधीही झाली होती. महमूद गझनवीच्या लाहोरकडच्या चांदीच्या नाण्यांवर (हिजरी ४१८-४१९) कलमा संस्कृतात आहे. तिथे अल्लाह 'अव्यक्त' आहे आणि पैगंबर 'अवतार'! रसूल हा माणूसच, हे सांगणाऱ्या धर्मासाठी हा शब्द केवढा अडचणीचा. पण दुसरा होता कुठे?

म्हणून 'समन्वय' हा शिक्का मला घाईचा वाटतो. लेखच सांगतो की राजानं मशीद स्वधर्मपालनासाठी बांधली. स्वधर्म, बरं का. उलट "हिंदू प्रजेला खूश करायला केलेला देखावा" म्हणणाऱ्यांनाही एक प्रश्न आहे: नमाजाच्या जागेत येऊन हा लेख वाचणार कोण होतं? मला वाटतं, लिहिणाऱ्या पंडितानं निराकार निर्मात्यासाठी हाताशी असलेले सगळ्यात जवळचे शब्द वापरले आणि ते आपापला जुना अर्थ घेऊनच आले.

स्लाइडवर आता 'अंदाजे बरोबर'चं चिन्ह आहे. तेही कितपत टिकेल, बघू. अरबी लेख मी अजून ओळ लावून वाचलेला नाही. संस्कृत पाठ 'एपिग्राफिया इंडिका'च्या ९व्या खंडात हिरालाल यांनी दिलाय. आधी तो वाचा, मग प्रत्यक्ष जा. शुक्रवारची दुपार तेवढी टाळा.