चित्रात दिसते, तेच दुखते का?

दोन वर्षांपूर्वी पुस्तकांचा खोका उचलताना माझ्या कमरेत उसण भरली. तीन आठवड्यांनंतरही नीट वाकता येईना, म्हणून एमआरआय काढला. कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधली चकती, म्हणजे आपण जिला ‘गादी’ म्हणतो ती, झिजली असून मागे फुगली आहे, असे रिपोर्टमध्ये लिहिले होते. फिल्म उजेडात धरली तेव्हा पांढुरक्या चकत्यांमधली ती एकच काळी चकती मलाही दिसली. दुखण्याचे मूळ सापडले, असे मला वाटले. दुखणे दोन महिन्यांत थांबले, पण मी मात्र वर्षभर भरलेली बादली उचलली नाही. फिल्ममधली ती काळी चकती मनातून जात नव्हती.

माझ्या संशोधनात मी चुंबकीय अनुस्पंदनाचे यंत्र नेहमी वापरते. विद्यार्थ्याने तुलनेचा नमुना न घेता निष्कर्ष आणला, तर मी तो परत पाठवते. स्वतःच्या कमरेबाबत मात्र साधा प्रश्न विचारायला मी विसरले : ज्यांची कंबर दुखत नाही, त्यांच्या फिल्ममध्ये काय दिसते?

यंत्र नेमके काय पाहते?

शरीरात सुई न घालता आत डोकावण्याची सोय १८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले तेव्हापासून झाली. पण क्ष-किरणांच्या चित्रात हाडे दिसतात. मऊ चकती दिसत नाही, दोन मणक्यांमधले अंतर फक्त कळते. १९३४ साली अमेरिकेत मिक्स्टर आणि बार या शल्यविशारदांनी दाखवून दिले, की चकतीचा भाग बाहेर येऊन चेतातंतूच्या मुळावर दाब पडला, तर पायात कळ जाऊ शकते. तेव्हापासून पाठदुखीत चकतीकडे बोट दाखवण्याची सवय लागली. १९७३ साली लॉटरबर यांनी चुंबकीय अनुस्पंदनातून चित्र मिळवण्याची रीत मांडली, आणि पुढे चकती प्रत्यक्ष पाहता येऊ लागली. या कामासाठी लॉटरबर व मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

रुग्णालयातील नेहमीच्या यंत्राचे चुंबकीय क्षेत्र १.५ टेस्ला असते, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट. त्यात शरीरातील पाण्याच्या हायड्रोजन अणूंची केंद्रके रेडिओ लहरींना प्रतिसाद देतात. ज्या चकतीत पाणी भरपूर, ती एका प्रकारच्या चित्रात उजळ दिसते. पाणी कमी झाले की काळी दिसते. म्हणजे ती काळी चकती मला पाण्याविषयी सांगत होती. दुखण्याचा संदेश त्या चित्रात कुठेच उमटत नाही. शिवाय चित्र निघते आडवे पडून, आणि कित्येकांचे दुखणे जाणवते ते बसल्यावर किंवा वाकल्यावर.

न दुखणाऱ्या पाठींची साक्ष

मला न सुचलेला प्रश्न इतरांनी फार पूर्वी विचारला होता. १९९४ साली अमेरिकेत जेन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले. त्यात पाठ दुखणाऱ्या २७ जणांची चित्रे मिसळली आणि कोणते चित्र कोणाचे हे न सांगता ती तज्ज्ञांना वाचायला दिली. न दुखणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोकांत निदान एक चकती फुगलेली निघाली आणि २७ टक्के लोकांत तिचा भाग पुढे आलेला निघाला. सर्व चकत्या ठीक असलेले लोक फक्त ३६ टक्के होते!

२०१५ साली ब्रिंजिक्जी आणि सहकाऱ्यांनी अशा ३३ अभ्यासांतील, पाठदुखी नसलेल्या ३,११० जणांची माहिती एकत्र केली. चकतीची झीज विशीतल्या लोकांत ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरात ९६ टक्के आढळली. वयाबरोबर केस पिकतात, तशाच चकत्याही कोरड्या होतात. पण डोके दुखले म्हणून आपण पांढऱ्या केसांना दोष देत नाही.

नेदरलँड्समधील एक अभ्यास याच्याही पुढे गेला. सायटिकाच्या २८३ रुग्णांचे वर्षभराने पुन्हा एमआरआय काढले (२०१३). बरे वाटत असलेल्यांपैकी ३५ टक्के लोकांत सरकलेली चकती अजून दिसत होती. बरे न वाटणाऱ्यांत ती दिसली ३३ टक्के लोकांत. चित्र पाहून कोण बरा आणि कोण आजारी हे ओळखता आले नसते.

आणखी एक अडचण वाचणाऱ्यांची. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६३ वर्षांच्या एकाच बाईंचा एमआरआय तीन आठवड्यांत दहा केंद्रांत काढला. दहा रिपोर्टमध्ये मिळून ४९ वेगवेगळे दोष लिहिलेले होते. दहाही जणांनी नोंदवलेला असा एकही दोष त्यांत नव्हता.

हाताने करायच्या चाचण्या

मग यंत्र बाजूला ठेवून डॉक्टरांच्या हातांवर भिस्त ठेवावी का? उताणे झोपवून गुडघा न वाकवता पाय वर उचलण्याची चाचणी आपल्यापैकी अनेकांनी अनुभवली असेल. शस्त्रक्रियेसाठी आलेल्या रुग्णांवरील अभ्यासांचा एकत्रित हिशेब असा : चकती खरोखर सरकलेल्या १०० जणांपैकी सुमारे ९२ जणांना या चाचणीत कळ येते. पण चकती न सरकलेल्या १०० जणांपैकीही सुमारे ७२ जणांना येते! याउलट, न दुखणारा पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली, तर ती खूण अधिक भरवशाची. चकती न सरकलेल्या १०० पैकी सुमारे १० जणांतच ती दिसते. मात्र चकती सरकलेल्या १०० पैकी जेमतेम २८ जण तिच्यात सापडतात. पहिली चाचणी फारसे कोणाला सुटू देत नाही, पण निर्दोषांनाही धरते. दुसरी निर्दोषांना सहसा धरत नाही, पण बऱ्याच जणांना सोडून देते.

सांध्यात किंवा चकतीत उगम आहे का, हे ठरवणाऱ्या चाचण्यांची अडचण याहून खोल आहे. चाचणी बरोबर की चूक, हे कशाशी ताडून पाहायचे? त्यासाठी बधिरतेचे औषध टोचून दुखणे थांबते का, हे पाहतात. म्हणजे बिनसुईच्या चाचणीची परीक्षा शेवटी सुईनेच, आणि सुईचे उत्तरही नेहमी खरे असतेच असे नाही. लांबी मोजायला पट्टी आहे. वेदनेची पट्टी मात्र रुग्णाच्या सांगण्यातच आहे. म्हणूनच कंबरदुखीच्या बहुसंख्य रुग्णांत उगमाचे नेमके स्थान सांगता येत नाही, असे वैद्यक आज मोकळेपणाने मान्य करते.

मग यंत्र टाकाऊ का?

मुळीच नाही. जेन्सन यांच्या अभ्यासात चकतीचा भाग पूर्ण बाहेर पडलेला असा दोष न दुखणाऱ्यांपैकी फक्त १ टक्का लोकांत होता. तो दिसला आणि पायातली कळही त्याच चेतातंतूच्या वाटेने जात असली, तर दोन्ही साक्षी जुळतात. ताप, घटणारे वजन, पूर्वी झालेला कर्करोग, मोठा अपघात, पायातली शक्ती कमी होत जाणे अशा खुणा असतील, तर एमआरआयला पर्याय नाही. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा बसण्याची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोगही विसरून चालत नाही. तो या चित्रात लवकर दिसतो आणि औषधांनी बरा होतो.

मात्र अशी खूण नसताना लगेच काढलेल्या चित्राचा फायदा होत नाही. २००९ साली सहा प्रयोगांतील १,८०४ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. लगेच चित्र काढलेले आणि नेहमीचे उपचार घेतलेले, यांच्या दुखण्यात व हालचालीत महत्त्वाचा फरक आढळला नाही. माझा आक्षेप यंत्रावर नाही, चित्रावरून काढलेल्या घाईच्या निष्कर्षावर आहे. ‘चकती फुगली आहे’ हे निरीक्षण झाले. ‘म्हणून दुखते’ हा दावा झाला. पहिल्याला यंत्र पुरते, दुसऱ्याला तुलना लागते.

ही गोष्ट वर्गात सहज करून पाहता येईल. मुलांना सांगा : ‘नापास झालेल्या दहापैकी सात मुलांच्या घरी टीव्ही आहे, तर टीव्हीमुळे मुले नापास होतात का?’ कोणीतरी विचारेल, ‘बाई, पास झालेल्यांपैकी किती जणांच्या घरी आहे?’ तो प्रश्न येईपर्यंत थांबा, उत्तर आपण सांगू नका. ज्याला तो प्रश्न सुचेल, तो पुढे कधी कमरेचा रिपोर्ट हातात आला, तरी माझ्यासारखा वर्षभर बादलीला घाबरणार नाही.